धनूची मूठ

लग्नाची तारीख माघात काढली, तेव्हा चूक कुणाच्याच ध्यानात आली नाही. पंचांग पुढ्यात होतं, गुरुजी होते, दोन्हीकडची शहाणीसुरती माणसं होती. मृगात पेरणी उरकायची आणि आर्द्रेत लग्न लावायचं, असं ठरलं. पेरणीनंतर माणसं मोकळी असतात, ट्रॅक्टर मोकळे असतात, वऱ्हाडाला गाड्या मिळतात. मृग हल्ली कोरडाच जातो हे बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण प्रत्येकाचं शेत होतं. तरीही तारीख काढताना सगळ्यांनी जो पाऊस धरला तो त्यांच्या लहानपणीचा होता.

नवरीची आई वनमालाही त्यात आलीच. धाकट्या जावेला चहात साखर किती ते सांगता सांगता तिने मान डोलावली होती. आता जूनचा अर्धा महिना उलटला, दारात मांडवाचे खांब येऊन पडले आणि रान अजून तसंच काळं उघडं पडलेलं. लिंबागणेशच्या बाजूने ढग यायचे, वस्तीवरून पाहुण्यासारखे हिंडायचे आणि शिंतोडे टाकून पुढे जायचे. रोज सकाळी वनमाला खुरपं घेऊन बांधालगत उकरायची. वरची चार बोटं माती ओली लागायची, खाली भुगा.

वीतभर ओल लागल्याशिवाय सोयाबीनला हात लावायचा नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. ते बी मोठं उतावळं. थोडी ओल मिळाली की फुगतं, फुटतं, मूळ खाली सोडतं. खाली कोरडं असलं की मूळ अडतं आणि वरून दोन दिवस ऊन-वारा लागला की संपलं. गेल्या साली नेमकं हेच झालं होतं. मृगाचा मान म्हणून चार बोटं ओलीवर पेरलं. नको म्हणणारी ती एकटीच होती. सगळं रान पुन्हा पेरावं लागलं.

दुबार पेरणीचं दुःख घर विसरलं. वनमालाची लेक धनू विसरली नव्हती.

या घरात खरिपाचा पहिला तास, म्हणजे बियांची पहिली ओळ, घरातल्या बिनलग्नाच्या लेकीच्या हाताने पडतो. जुनं हातकोळपं बाहेर काढायचं, त्याच्यामागे सरतं बांधायचं. सरतं म्हणजे बांबूची पोकळ नळी आणि तिच्या तोंडाशी लाकडी चाडं. एकाने दोर ओढायचा, एकाने कोळपं दाबून धरायचं आणि लेकीने मागून चालत चाड्यात मुठीने बी सोडत जायचं. ती ओळ बांधापर्यंत गेली की मग ट्रॅक्टर रानात घालायचा. ओळ भरून उगवली की वनमालाची सासू रुक्मिणीबाई वस्तीवर गूळ वाटायची. धनू, म्हणजे धनश्री, दुधाचे दात पडायच्या वयापासून ही मूठ टाकत आली होती. फक्त गेल्या साली ओळ उगवली नाही. दुबार पेरणीला मूठ नसते. ती वर्षातून एकदाच. त्यामुळे तिच्या नावावरची शेवटची मूठ ती वाया गेलेली. गिरणीत बाया हसून म्हणाल्या होत्या, धनूची मूठ यंदा फोल गेली बाई. धनूही हसली होती. पण त्यानंतर शेताच्या त्या अंगाला तिचं जाणं थांबलं, हे आईच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

आणि लग्न लागलं की हात बिनलग्नाचा राहणार नव्हता.

मृग संपायच्या दिवशी रुक्मिणीबाई ओट्यावर पाय पसरून बसली आणि तिने विषय काढलाच.

"चार बोटं ओल हाय ना? मग टाकून घे पोरीच्या हातानं. का वऱ्हाड दारात आल्यावर टाकणार हायस?"

वनमाला म्हणाली, "आत्याबाई, यंदा मृगाचं वाहन कोल्हा हाय, आन् कोल्ह्याच्या पावसावर भरवसा ठिवू नका, असं तुमीच म्हनला व्हतात."

"कोल्हा हाय म्हनूनच म्हनते. गेला की सापडत न्हाई."

नक्षत्रांच्या वाहनांच्या बाबतीत रुक्मिणीबाईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण तिचं म्हणणं वनमालाला आत लागलं. दुपारी ती धनूच्या खोलीत गेली. धनू बांगड्या लावून पाहत होती. वनमालाने जरा अडखळतच मधला मार्ग सांगितला. बांधाजवळ एकच ओळ टाकायची, नावापुरती. वरून घागरी ओतून पाणी देऊ, उगवेल. बाकीचं रान पाऊस पडल्यावर.

धनूने बांगड्या काढून गादीवर ठेवल्या.

"घागरीनं उगवलेली मूठ कुणाची? घागरीची," ती म्हणाली. "न्हाई टाकली तरी चालंल, माय. पर टाकली तर रानानं उगवली पायजे."

"मग थांबायचं?"

"थांबू की. तू हायस ना रोज उकरायला."

वनमाला बाहेर आली ती अंगणात उगाच दोन चकरा मारून मग कामाला लागली. बारावी सायन्सला तिला वनस्पतीशास्त्र फार आवडायचं. पुढचं शिक्षण लग्नात राहून गेलं. लेकीने आपल्याकडून नेमकं काय घेतलं हे तिला आज कळलं, आणि त्याचा आनंद नेमका कुठे ठेवावा हे कळेना.

घरचं बी तयार होतं. ओल्या बारदानात गुंडाळून उगवण तपासून झाली होती. सोयाबीनचं साल कांद्याच्या पापुद्र्यासारखं नाजूक, म्हणून पोती कुणाला आपटू द्यायची नाहीत, यावरून वनमालाचं दिराच्या पोराशी, भागवतशी, दोनदा वाजलंही होतं. ट्रॅक्टर आणि पेरणीयंत्र भागवतचं. तो म्हणायचा, काकू नवरीलाबी एवढं जपत न्हाई.

आर्द्रा लागली ती बेडकावर बसून. रुक्मिणीबाईने ओट्यावरून जाहीर केलं की आता बघा. आणि लग्न तोंडावर आलेलं असताना एका संध्याकाळी जो पाऊस सुरू झाला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हलला नाही. मांडवाचं कापड पखालीसारखं लोंबलं. चार माणसं बांबूने ते खालून ढोसत होती आणि प्रत्येक वेळी पाणी नेमकं मांडववाल्याच्याच डोक्यावर येत होतं. वनमाला पदर डोक्यावर घेऊन रानात गेली. खुरपं घुसवलं. वीतभर गेलं, वितीच्या खाली गेलं तरी माती काळीभोर, गार. ती तिथेच चिखलात उभी राहून हसली. मांडवातून नवऱ्याने, उत्तरेश्वरने, ओरडून विचारलं की कावून हसती, आणि ती चिखलाचे दोन्ही हात वर करून दाखवत राहिली.

आता अडचण उलटी होती. काळी जमीन पाऊस पिते पण लगेच सोडत नाही. चिखलात पेरलं तर वर पापडी धरते आणि कोंब खालीच गुदमरतो. ओल हवी, पण माती पायाला चिकटायला नको. त्या अवस्थेला वापसा म्हणतात, आणि तो ओळखायची रीत साधी आहे. मातीचा गोळा करायचा, कंबरेच्या उंचीवरून सोडायचा. चपटा झाला तर थांबा. फुटून पसरला तर पेरा.

मोबाइलवर हवामानाचा अंदाज असा की लग्नाच्या दिवशी ऊन, संध्याकाळपासून पुन्हा पाऊस, आणि मग आठवडाभर उघडीप नाही. हा वापसा गेला तर पेरणी पार जुलैत सरकणार. उशिराच्या सोयाबीनला दाणे भरायच्या वेळी पाऊस पाठ फिरवतो. म्हणजे पेरायचं ते लग्नाच्याच दिवशी. भागवतने अक्षता ट्रॅक्टरवर बसूनच टाकायची तयारी दाखवली. त्यात अवघड काही नव्हतं. अवघड हे होतं की माती आधी तयार होते की मुहूर्त आधी येतो.

मुहूर्त दुपारी साडेबाराचा होता.

हळदीच्या रात्री गोळा चिकटच होता. लग्नाच्या सकाळी वनमालाने गोळा सोडला तर त्याची भाकरी झाली. पाहुण्यांचा नाश्ता वाढून पुन्हा गेली; जाड भाकरी. तिच्या तळहाताची हळद काळी झाली होती. मांडव खळ्यावर घातलेला आणि खळ्याला लागूनच रान, त्यामुळे नवरीची आई हातात भरजरी पदर धरून घटकाघटकेला शेतात जाते आणि मातीचे गोळे टाकून बघते, हे सगळ्या वऱ्हाडाला दिसत होतं. एका पाहुणीने रुक्मिणीबाईला हळूच विचारलं की सून बरी आहे ना. रुक्मिणीबाई म्हणाली, "लई बरी हाय. तीच तेवढी बरी हाय."

मराठवाड्यात लग्न वेळेवर लागत नाही, हा वनमालाचा सगळ्यात मोठा आधार होता. नवरदेव मारुतीच्या पारावरून निघतो आणि नाचणारी पोरं त्याला दोन शेतांचं अंतर कापायला दीड-दोन तास लावतात. नवरीचा बाप हात जोडत फिरतो आणि गुरुजी माइकवरून धमक्या देतात. पण नवरदेवाचे वडील सुंदरराव माजलगावकडचे, पाटाच्या पाण्यावरचे ऊसवाले होते. कालव्याचं पाणी पाळीनं येतं. आपल्या पाळीला दार उघडलं नाही तर पाणी पुढच्याच्या रानात जातं. त्या पाण्यानं घडवलेला माणूस. वेळेआधी वऱ्हाड घेऊन हजर झाला, पारावर मनगटावरचं घड्याळ बघत उभा राहिला आणि बँडवाल्यांना त्याने दोनच गाण्यांची परवानगी दिली.

वरात वेळेवर निघाल्याची बातमी आली तेव्हा वनमाला गोळा करत होती. तिने उत्तरेश्वरला हाक मारली.

"त्यांना नाचवा."

"कुणाला?"

"वरातीला. गोळा फुटंना अजून."

उत्तरेश्वर स्वतःच्या लग्नातही नाचला नव्हता. त्याने बायकोकडे बघितलं, रानाकडे बघितलं, फेट्याचा शेमला कमरेला खोचला आणि निघाला. पुढचं वस्तीने पुढे कितीतरी दिवस सांगितलं. नवरीचा बाप वरातीसमोर गेला आणि हात जोडायच्या ऐवजी त्याने ते वर केले. आधी त्याला नुसत्या उड्या मारता येत होत्या. मग कुणीतरी लेझमीची चाल धरली आणि शाळेतलं काहीतरी त्याच्या पायांना आठवलं. व्याहीच नाचतोय म्हटल्यावर माजलगावची पोरं कशाला मागे राहतात. बँडवाला घामाने निथळत होता. वरात एका बाभळीपाशी जी रुतली ती हलेना.

मांडवातही हयगय नव्हती. आशीर्वाद द्यायला आलेल्या माजी सभापतींना, ज्यांना एरवी दोनच शब्द बोला म्हणून बजावतात, भागवतने माइक देऊन सावकाश बोला म्हणून सांगितलं. त्यांना आयुष्यात असं कुणी म्हटलं नव्हतं. ते गडबडले आणि दोन वाक्यांत खाली बसले.

शेवटी सुंदरराव स्वतः पुढे चालत आले. वनमाला बांधावर होती. चेहरा गंभीर करून ते थांबले.

"ईनबाई, आमच्याकडून काई चुकलंय का? का पोरीच्या मनात काई हाय? आत्ताच सांगा. मी मानूस वाईट न्हाई."

वनमालाने हातातला गोळा खाली ठेवला. एवढा वेळ तिने मातीचा विचार केला होता, माणसाचा केला नव्हता. मुहूर्त मागे ढकलणारी नवरीची आई काय दिसते, हे तिला आता दिसलं. तिने सगळं सांगितलं. घरची रीत, गेल्या सालची वाया गेलेली ओळ, घागरीच्या पाण्याला नाही म्हणणारी धनू, संध्याकाळचा पाऊस. सांगताना तिला वाटत होतं, हे ऐकून कुणीही जाणता माणूस वऱ्हाड परत फिरवेल.

सुंदररावांनी वहाणेच्या टोकाने माती उकरून बघितली.

"गोळा कसा करायचा?"

तिने दाखवलं. पांढरंशुभ्र धोतर सावरत ते वाकले, माती उचलली, दाबली, कंबरेवरून सोडली. गोळ्याचे दोन तुकडे झाले. पसरला नाही.

"थोडकंच ऱ्हायलंय," वनमाला म्हणाली. "ऊन असंच असलं तर."

"आमी मोटारीचं बटन दाबतो आन् पेरतो. ही भानगड आमच्याकडं न्हाई." त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. मग बाभळीकडे तोंड करून पाटावरून हाक मारायच्या आवाजात बँडवाल्याला ओरडून सांगितलं, "वाजीव. मी सांगस्तवर थांबायचं न्हाई."

पुढचे गोळे त्या दोघांनी मिळून टाकले. एक चिरला. एक अर्धा सांडला. आणि मग एक असा पडला की जमिनीला टेकताच कण कण होऊन पसरला आणि पाय ठेवला तर वहाणेला काही चिकटलं नाही. वनमालाने दुसरा टाकून पाहिला, थोडा पलीकडे जाऊन तिसरा. तिन्ही फुटले. सुंदररावांनी चौथा टाकला, तो कशाला ते त्यांनाच ठाऊक.

कोळपं सकाळपासून बांधाला टेकवून ठेवलेलं होतं. पण दोर दरवर्षी ओढणारा उत्तरेश्वर दोघांच्या खांद्यावर हात टाकून आला. नाचता नाचता कंबरेत उसण भरली होती. चेहरा मात्र असा की पुन्हा नाचायला सांगितलं तर जाईल. भागवत यंत्रात बी भरत होता. कोण ओढणार म्हणून चर्चा सुरू झाली तेवढ्यात बाभळीपासून सुटलेली वरात मांडवाच्या तोंडाशी आली आणि नवरदेव अमरसिंह घोड्यावरून खाली उतरला. प्रकार काय आहे ते त्याने बापाकडून ऐकलं, बाशिंग काढून मित्राच्या हातात दिलं, पायातल्या मोजड्या काढल्या.

"मी वढतो."

रुक्मिणीबाई काठी टेकत आडवी आली. अंतरपाटाआधी नवऱ्याने नवरीचं तोंड बघायचं नाही, मग रान असो की मांडव.

अमरसिंह म्हणाला, "आज्जी, मला म्होरं बघूनच वढायचंय. बैल कवा मागं बघतो का?"

रुक्मिणीबाईने क्षणभर त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि काठी बाजूला घेतली.

तो दोर खांद्यावर घेऊन बांधाकडे तोंड करून उभा राहिला तेव्हाच धनूला बाहेर आणलं. पिवळी साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, कपाळाला मुंडावळ्या, मेंदीभरल्या मुठीत बी. यंत्राचं बी औषध चोळलेलं होतं. मुठीचं तेवढं वनमालाने कोरं ठेवलं होतं. कोळप्याची मूठ तिने स्वतः धरली.

"चला," ती म्हणाली.

जावई निघाला. उसाच्या रानात वाढलेला गडी. जोर भरपूर, अंदाज कमी. कोळपं कधी डावीकडे धावायचं, कधी थबकायचं. वनमाला दाबत होती, हळू म्हणत होती, हसू दाबत होती. मागून धनूच्या बांगड्या चाड्याच्या कडेला लागून एका लयीत वाजत होत्या आणि प्रत्येक वाजण्याबरोबर नळीतून बी खाली जात होतं. वनमालाने मागे बघितलं नाही. लेक बरोबर टाकते आहे हे तिला आवाजावरून कळत होतं.

मांडवातली माणसं बांधावर येऊन उभी होती, हातात अक्षता तशाच. कुणाला राहवलं नाही, त्याने त्या उधळल्या. मग सगळ्यांनीच उधळल्या. गुरुजी माइकवरून कळवळून सांगत होते की मंडळी, अजून नाही, अजून नाही. तांदूळ काळ्या मातीवर पडले आणि पायाखाली गेले. बांधापाशी पोचल्यावर धनूने रिकामी मूठ उघडून मातीवर झटकली. अमरसिंह बांधाकडे तोंड करून तसाच उभा राहिला, पोरांनी त्याला पाठमोराच फिरवत मांडवात नेला.

लग्न लागलं तेव्हा नव्या अक्षता वाटाव्या लागल्या. मुहूर्त गोरज म्हणावा इतका लांबला नव्हता, पण साडेबाराचा नक्कीच उरला नव्हता. मंगलाष्टकांच्या मागे भागवतच्या ट्रॅक्टरचा आवाज होता. अंतरपाट दूर झाला आणि अमरसिंहाने जे पहिलं बघितलं ते धनूचे काळ्या मातीने भरलेले पाय. मग आपले बघितले. मग दोघांनी वर बघितलं.

लेकीची गाडी वळणाआड गेली तेव्हा शेवटच्या पट्ट्यात पेरणी चालू होती. वनमाला रडली, सगळ्याच रडतात तशी. आणि रडता रडता भागवतला म्हणाली की बी खोल घालू नको. पाऊस अंधार पडल्यावर आला. बेताचा होता.

आठवडा उलटला आणि मांडवपरतणीला धनू नवऱ्यासह माहेरी आली. चहासुद्धा न घेता ती सरळ बांधावर गेली. ट्रॅक्टरच्या ओळी आखल्यासारख्या सरळ, कोवळ्या, दोन-दोन जाड पानं वर काढून उभ्या होत्या. बांधालगतची पहिली ओळ मात्र सापासारखी वळत गेलेली. पण तिच्यात कुठे खंड नव्हता. धनू खाली बसून एका टोकाकडून बघत गेली. मध्येच एका ठिकाणी खूप रोपं दाटीने आली होती. तिथे कोळपं थबकलं होतं.

वनमालाचा फोन वाजला. सुंदरराव होते. पोरं पोचली का, एवढं विचारून झाल्यावर घसा खाकरून ते म्हणाले की तळ्याकडचं एक रान ऊस मोडून सोयाबीनसाठी ठेवलंय, कालपासून उघडीप आहे. "ईनबाई, गोळा कंबरेवून सोडायचा का छातीवून?"

"कंबरेवून," वनमाला म्हणाली. "आन् बटन दाबू नका."

तोवर रुक्मिणीबाई गुळाचा खडा घेऊन तिथे पोचली होती. तिने काठीच्या टोकाने ओळीचं एक वळण दाखवलं, मग दुसरं. अमरसिंह अवघडून दुसरीकडे बघू लागला. म्हातारीने गूळ धनूच्या तोंडात घातला आणि निवाडा दिला.

"मूठ चांगली हाय. बैल नवा व्हता."